डबा वाजव

"काकू, कंस! तो कंस बंद करा आधी!"

नाझनीन मॅडम माझ्या खांद्यावरून ओरडली आणि मी दचकून भलतंच काहीतरी दाबून बसले. कितीतरी दिवस खपून पडद्यावर रंगवलेला माझा पितळी डबा झटकन नाहीसा झाला. उरला नुसता पांढरा पडदा.

"व माय! गेला माझा डबा," मी म्हटलं.

"कुठं जातोय? कंस उघडा राहिला म्हणून रुसलाय. टाका घातला की गाठ मारता ना? तसंच हे. उघडला की मिटायचा."

मी कंस मिटला. डबा परत आला. पिवळाधमक, झाकणाला कडी आणि खाली एक लाल बटण, 'डबा वाजव'. मी जपून ते दाबलं. यंत्रातून आवाज आला, खळ्ळखुळ्ळ, खळ्ळखुळ्ळ. पुढच्या बाकावर टायपिंग शिकणाऱ्या पोरी माना वळवून बघायला लागल्या. मला इतका आनंद झाला की मी ते बटण दाबतच सुटले. शेवटी मॅडमनंच माझा हात धरला.

"पुरे काकू. अक्कांसाठी ठेवा थोडं."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी सावद्याला राहत होते आणि बालवाडीतून नुकती निवृत्त झाले होते. मुलगा-सून पुण्याला, आणि आमचे हे दिवसभर केळीच्या बागेत. घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. बाजारपेठेत दूध डेअरीच्या माडीवर नाझनीननं कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. लहानपणी ती माझ्याच बालवाडीत होती. तिच्या पाटीवर 'अ' मी गिरवून दिलेला. आता ती मॅडम आणि मी विद्यार्थीण. 'मॅडम' म्हणायला मला मजा वाटायची, पण अहो-जाहो काही केल्या जिभेवर येईना.

गेले होते मी टायपिंग शिकायला. एका दुपारी तिनं मला बोलावलं आणि म्हणाली, "काकू, हे बटण दाबा बरं." मी दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'तुमचं नाव काय?' मी एकेक अक्षर शोधून 'कुमुद' असं लिहिलं. तर पडदा म्हणतो कसा, 'या कुमुदताई, बसा.' मी खरंच पदर सावरून नीट बसले. मॅडम पोट धरून हसली, पण मला त्या दिवशी काहीतरी झालं. चित्र असतं ते बघायचं, पुस्तक असतं ते वाचायचं. हे मात्र आपण हात लावला की उत्तर देत होतं. पलीकडं कोणीतरी बसलंय आणि आपली वाट बघतंय, असं वाटायचं.

मग मला त्याचंच वेड लागलं. दुपारी डोळा लागला की स्वप्नात घरभर बटणं दिसायची. फडताळावर बटण, पिठाच्या डब्यावर बटण. एकदा स्वप्नात मी दाराच्या चौकटीवरचं बटण दाबलं, तर समोर आमच्या माहेरची गल्ली उघडली. गल्लीत संध्याकाळ झालेली, आणि अक्का परकर खोचून माझ्याकडं बघून काहीतरी बोलत होती. तिचे ओठ हलत होते, आवाज मात्र येत नव्हता. जागी झाले तेव्हा उशी ओली होती.

यांनी विचारलं, "या वयात काय कलेक्टर होतेस काय?"

"कलेक्टरला तरी कंस मिटता येतो का, विचारा," मी म्हटलं.

पण मनातलं त्यांना सांगितलं नाही. मला अक्काचा आवाज हवा होता. बाकी सगळी धडपड त्याच्यासाठी होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण मनोरमा. लग्न होऊन सुरतेला गेली ती तिथलीच झाली. भाऊजींनी घराखालीच कापडाचे माग टाकले होते. ते दिवसभर खटाखट चालायचे, त्यामुळं त्या घरात सगळेच ओरडून बोलतात. आम्ही दोघी रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर फोनवर बोलायचो. काय भाजी केली, कोण गेलं, कोणाची सून कशी निघाली. विषय संपले तरी 'आणखी काय?' असं एकमेकींना विचारत बसायचो. तिचा आवाज मोठा, खर्जातला. तो कानात पडला की माझा दिवस मिटायचा.

माझ्या मुलाच्या लग्नात काय बिनसलं कोणास ठाऊक. मांडवात वराला ओवाळायला मी तिला मागून हाका मारल्या. एक नाही, चांगल्या चार-पाच. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. माझी नणंद म्हणाली, "मानाचं पातळ हिरवं दिलंत, त्यांना मोरपंखी हवं होतं. रुसल्यात." अक्का त्याच संध्याकाळी निघून गेली. त्यानंतर मी फोन केला की तिची सून ज्योत्स्ना उचलायची. आई देवापुढं बसल्यात. आई झोपल्यात. आई खाली गेल्यात मागांवर. मी मोरपंखी पातळ घेऊन कुरिअरनं पाठवलं, तर 'मिळालं' एवढाच निरोप आला. हळूहळू सगळे म्हणायला लागले, मनोरमेला सुरतेचं वारं लागलं. मी भांडायचे त्यांच्याशी. पण आतून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

मॅडमनं एकदा सगळ्यांना सांगितलं, आता आपल्या मनचं काहीतरी बनवा, म्हणजे शिकल्यासारखं शिकाल. कोणी लग्नपत्रिका म्हणालं, कोणी दुकानाचं इंटरनेटवरचं पान. माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "काकू, तुम्ही?"

"भुलाबाई," मी म्हटलं. कुठून आलं कोणास ठाऊक.

आमच्याकडं खान्देशात भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली मातीची भुलाबाई मांडतात. ज्वारीच्या धांड्यांचं मखर करतात आणि संध्याकाळी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात. पण पोरींचा सगळा जीव शेवटच्या खाऊत. खाऊ उघडा वाटत नाहीत. झाकणाच्या डब्यात घालतात, ज्या घरची भुलाबाई तिथली मुलगी डबा वाजवते आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण काढायचं नाही, अशी आमच्या गल्लीची रीत होती.

आणि अक्का म्हणजे त्या खेळातली ठाणेदार! डबा एकदा वाजला की डोळे मिटायची, मान तिरकी करायची आणि सांगायची, "शेंगदाणे. भाजलेले. त्यात गुळाचा एक खडा पडलाय." शेंगदाणे भाजलेले की कच्चे, हे आवाजावरून सांगणारी माझी बहीण! पलीकडच्या गल्लीतल्या पोरी तिला बोलवायला घाबरायच्या. खेळच संपायचा ना लगेच. एका बाईनं तर डब्यात आतून फडकं लावलं होतं, तरी अक्कानं बिब्ब्याची गोडंबी ओळखली.

"बरोबर," मॅडम म्हणाली. ती लहानपणी सावद्यात आमच्याच गल्लीत टिपऱ्या खेळलेली, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. "म्हणजे डबा हवा, आवाज हवा, ओळखायला जागा हवी. आणि अक्का तिकडून ओळखणार."

"ओळखेल. आणि ओळखलं की तिला राहवायचं नाही. फोन करून सांगेल मला, कुमे, फसवतेस काय मला, म्हणून."

एवढीच माझी आशा होती.

पहिल्यांदा डबा काढायलाच मला किती दिवस लागले. मग आवाज. घरचा पितळी डबा घेतला, त्यात रेवड्या घातल्या. यांना मोबाईल धरायला उभं केलं आणि मी डबा हलवला. तर मध्येच कुकरची शिट्टी झाली. पुन्हा हलवला, तर यांना शिंक आली. "आता सुरतेला तुमची शिंक ऐकवू का?" मी म्हटलं, तर हे म्हणाले, "ओळखेल तुझी बहीण. म्हणेल, पाव्हण्यांना सर्दी झालीय." शेवटी जमला आवाज. तो पानावर चढवून बटणाला बांधणं सगळ्यात अवघड. पण ते मी स्वतः केलं, मॅडमनं बोट लावलं नाही. माझ्या सगळ्या पानात तोच माझा अभिमानाचा भाग होता.

अक्काला इंग्रजीतून टाईप करता येणार नाही, म्हणून पडद्यावरच मराठी अक्षरांच्या चौकटी केल्या. ज्या चौकटीवर टिचकी मारशील ते अक्षर उमटतं. खाली 'सांग' असं बटण. आणि तिनं तिकडं काय दाबलं ते इथं आमच्या पडद्यावर ओळीनं दिसायचं. तो भाग मॅडमनं केला. खोटं कशाला सांगू, मला तो अजूनही नीट कळलेला नाही.

उत्तर तपासायचं मात्र मीच लिहिलं. 'जर-नाहीतर' म्हणतात त्याला. जर असं झालं तर हे कर, नाहीतर ते कर. आम्हा बायकांना शिकवायला काय लागतं ते, जन्मभर दुसरं करतो काय? जर अक्कानं 'रेवड्या' लिहिलं, तर झाकण उघडेल. नाहीतर पडदा म्हणेल, 'नाही गं! पुन्हा ओळख.'

"'चुकीचं उत्तर' असं लिहा ना काकू," मॅडम म्हणाली.

"भुलाबाईत असं बोलतात होय? परीक्षा आहे का ती?"

मग माझंच वाक्य राहिलं.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी मी ज्योत्स्नाला फोन केला. तिच्याकडं मुलीच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटर होता. मी पत्ता सांगितला, तिनं पान उघडून बघितलं आणि खूश झाली. "पण मावशी, आई बसतील का इथं? हल्ली कशातच नसतात त्या. आपल्याच तंद्रीत असतात."

"तिला म्हण, कुमुदकडून भुलाबाईचा डबा आलाय. ओळखल्याशिवाय परत पाठवायचा नसतो. आज शेवटचा दिवस, उद्या भुलाबाई पाण्यात जाणार."

"सांगते. दिवेलागणीला बसवते."

दिवस कलला तेव्हा मॅडमनं बाकीच्यांना सोडलं आणि माडीवर आम्ही दोघीच राहिलो. खाली डेअरीत दुधाच्या कॅनचे आवाज येत होते. कोजागिरी म्हणून लोकांची रांग लागली होती. खिडकीतून गावाबाहेरच्या केळीच्या बागा दिसत होत्या आणि त्यांच्यावर चंद्र वर येत होता, मोठा आणि तांबूस. मी नुसती पडद्याकडं बघत बसले. 'अजून कोणी आलं नाही,' असं तिथं लिहिलेलं होतं. हेही वाक्य माझंच. मला थोडी गुंगी आल्यासारखं झालं. चंद्राचा उजेड पडद्याच्या काचेवर पडला होता आणि मला वाटायला लागलं की ही काच म्हणजे आमच्या जुन्या घराची खिडकी आहे, आता पलीकडून अक्का हाक मारेल.

ओळ बदलली. 'पाहुणी आली.'

"काकू!" मॅडमनं माझं मनगट घट्ट धरलं.

पाठोपाठ दुसरी ओळ आली. 'डबा वाजवला.'

"बसली बई माझी अक्का! बसली!" मी टाळ्या वाजवल्या.

'डबा वाजवला.' पुन्हा 'डबा वाजवला.'

"अंदाज घेतेय ती," मी मॅडमला सांगितलं. "मान तिरकी केली असेल बघ. आता येईल उत्तर."

उत्तर आलं नाही. 'डबा वाजवला' हीच ओळ खाली खाली येत राहिली. थोडी थांबायची, मग पुन्हा. पडदा भरला, वरच्या ओळी सरकून दिसेनाशा झाल्या, तरी तेच. आधी मला हसू येत होतं, मग ते थांबलं. रेवड्यांसाठी अक्काला एवढं वाजवावं लागतं? मला तर भीती वाटत होती की ती पहिल्याच झटक्यात ओळखेल आणि उठून जाईल.

"आवाज जात नसेल तिकडं," मॅडम म्हणाली. "तुमचं बटण नीट चालतंय ना?"

मला ते लागलं. मी बटण आमच्याकडं दाबून बघितलं. खळ्ळखुळ्ळ. व्यवस्थित. मग मी ज्योत्स्नाला फोन लावला. तिनं उचलला आणि मला मागांची खटाखट ऐकू आली, आणि तिच्यावरून माझ्याच डब्याचा आवाज.

"येतोय ना आवाज, मावशी! मी फुल करून ठेवलाय. इथं ओट्यापाशी मला येतोय. मलासुद्धा कळलं, रेवड्या आहेत म्हणून. सांगितलं नाही हं मी आईंना."

"मग अक्का काय करतेय?"

"थांबा, बघते." ती गेली. माझ्या कानात खळ्ळखुळ्ळ चालूच होतं. परत आली तेव्हा तिचा आवाज जरा खाली आला होता. "मावशी, आई स्पीकरवर तळहात ठेवून बसल्यात. डोळे मिटलेत. एका हातानं बटण दाबतात आणि दुसरा हात तसाच स्पीकरवर. काय करतायत कोण जाणे."

मी फोन तसाच कानाला धरून ठेवला. मॅडम 'काय झालं, काय झालं' विचारत होती, तेवढ्यात पडद्यावर पहिलं अक्षर उमटलं.

अक्षरं फार सावकाश येत होती. एकेक चौकट शोधत असणार ती. 'कु' आलं. मग बऱ्याच वेळानं 'मे'. जगात मला 'कुमे' म्हणणारं तेवढं एकच माणूस. मग पुढचं आलं, तुटक तुटक, आणि मॅडम ते हळू आवाजात वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

'कुमे मला ऐकू येत नाही'

आणि अक्कानं 'सांग' दाबलं.

पडदा लगेच म्हणाला, 'नाही गं! पुन्हा ओळख.'

"अगं नको!" मी ओरडले. "मॅडम, थांबव त्याला! हे काय बोलतंय ते तिला?"

"काकू, ते तुम्ही लिहिलंय तेच बोलणार. त्याला काय माहीत?"

माझंच वाक्य, माझ्याच लाडाच्या सुरातलं. मला मांडवातल्या त्या हाका आठवल्या. मागून मारलेल्या. पातळ हिरवं की मोरपंखी याचा त्यात काही संबंधच नव्हता. फोनवर तिला माझा आवाज पोचत नव्हता, आणि कोणाला सांगायची लाज वाटत होती, म्हणून ती देवापुढं बसत होती, झोपत होती, मागांवर जात होती. त्या खटाखटीनंच तिचे कान नेले आणि त्या खटाखटीतच ते लपून राहिलं, कारण त्या घरात ओरडल्याशिवाय कोणी बोलतच नाही. आणि मी तिला काय पाठवलं? वाजणारा डबा!

पुन्हा अक्षरं यायला लागली. या वेळी घाईनं. 'खरंच नाही येत ग'

'नाही गं! पुन्हा ओळख.'

मी तोंडाला पदर लावला. तेवढ्यात दिवे गेले. कोजागिरीच्या संध्याकाळीही भारनियमन चुकलं नाही. यंत्राखालची बॅटरी टूं टूं करायला लागली.

"काकू, रडायचं नंतर," मॅडम म्हणाली आणि तिनं कीबोर्ड माझ्यापुढं सरकवला. "बॅटरी फार वेळ नाही टिकायची. उत्तर बदला."

"तू बदल गं. मला नाही जमायचं."

"बोलणार तुम्ही आहात. तुम्हीच लिहा."

चंद्राच्या आणि पडद्याच्या उजेडात मी लिहायला बसले. 'जर' काढून टाकलं. 'नाहीतर' काढून टाकलं. आता ती काहीही लिहो, एक अक्षर लिहो, झाकण उघडायचं. 'डबा वाजव' हे बटणही काढलं. ते काढताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. मग आतल्या रेवड्या पुसल्या आणि त्यांच्या जागी मला बोलायचं होतं ते लिहिलं. मॅडमनं ते वाचलं.

"काकू! असं लिहितात का? चिडतील त्या."

"चिडू दे. वर्षभर चिडली तरी कुठं माझ्यावर?"

तिनं पान चढवलं. ज्योत्स्ना अजून फोनवरच होती. मी म्हटलं, "पान नव्यानं उघड, आणि अक्काला उठू देऊ नकोस."

"आई उठल्यात हो मावशी. डोळे पुसत खोलीकडं निघाल्यात. काय झालंय काय?"

"बसव तिला! पदर ओढून बसव. म्हण, एक अक्षर दाब फक्त."

"अहो, त्या ऐकत नाहीत."

"ऐकत नाही असं नाही गं, तिला ऐकूच येत नाही! समोर जा तिच्या. हात धर."

फोनवर काहीतरी हललं, पावलं वाजली. बॅटरीची टूं टूं आता घाईघाईनं व्हायला लागली होती. मग पडद्यावर आलं, 'पाहुणी आली.' कितीतरी वेळ पुढं काहीच नाही. मी डोळे मिटून घेतले. मॅडमनं मला कोपरानं ढोसलं तेव्हा उघडले.

'काय'

एवढंच लिहिलं होतं अक्कानं. तिकडं झाकण उघडलं असणार. आत मी लिहिलं होतं, 'अक्का, उद्या सकाळी येते. दार उघडं ठेव. कडी वाजवली तर तुला कळायचं नाही.'

तिचं उत्तर बघायला आम्ही पडद्याला नाक लावून बसलो, पण बॅटरी संपली आणि सगळं काळं झालं. फोनही कटला. पुन्हा लावला तर कोणी उचलेना. मॅडमनं मला खाली आणून सोडलं. डेअरीवाल्यानं पेल्यात आटवलेलं दूध दिलं, ते मी उभ्यानंच प्याले आणि घरी येऊन पिशवी भरली. यांनी भुसावळपर्यंत स्कूटरवर पोचवलं. सुरतेच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली, झोप मात्र आली नाही. एकच विचार, ती रागावली असेल तर? आपलं दुखणं असं पडद्यावर थट्टेनं उघडं केलेलं तिला सोसलं नसेल तर? दार लावलेलं असलं तर मी काय करणार होते?

सकाळी उजाडता उजाडता रिक्षानं मला गल्लीच्या तोंडाशी उतरवलं. अजून ऊन आलं नव्हतं, पण माग सुरू झाले होते. दोन्ही बाजूंनी खटाखट, खटाखट. बायका गॅलऱ्यांतून कपडे वाळत घालत होत्या. मी पिशवी सांभाळत वळणावरून आत आले आणि तिथंच थबकले.

अक्काच्या घराची दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत उघडी होती. उंबऱ्यावर खुर्ची टाकून अक्का बसली होती. अंगावर मोरपंखी पातळ. मागं ज्योत्स्ना हातात झारा घेऊन उभी होती. तिनं मला हातानंच खूण केली की पहाटेपासून अशाच बसल्यात, कोणाला दार लोटू देत नाहीत.

अक्कानं मला बघितलं. ती उठली, पायरी उतरली आणि भर गल्लीत माझे दोन्ही खांदे धरले. वर्षभरात केस किती पांढरे झाले होते तिचे. तिनं इकडंतिकडं बघितलं, कोणी जवळ नाही ना याची खात्री करून घेतली, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि आपल्या समजुतीनं अगदी हळूच म्हणाली.

"कुमे! मला ऐकू येत नाही, हे कोणाला सांगू नको हं!"

तिचा तो खर्जातला आवाज मागांच्या वरून अख्ख्या गल्लीला गेला. गॅलऱ्यांतल्या बायकांचे हात दोरीवरच थांबले. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं मान बाहेर काढून बघितलं. ज्योत्स्नाच्या हातातला झारा खाली पडला आणि ती तोंडावर हात घेऊन रडायला लागली.

अक्काला त्यातलं काही कळलं नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट पाहत होती. मी नाही म्हणून मान हलवली, कोणाला नाही सांगणार. मग मी तिथंच पायरीवर बसले.

"आणखी काय?" अक्कानं तितक्याच मोठ्यानं विचारलं आणि ती माझ्याशेजारी टेकली.